हाय-पॉवर पिस्तुलाची १५ राउंडची नवी मॅगझिने: ती रुळवावी लागतात का?

धरमपेठकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे चिरंजीव गेली काही वर्षे नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये राहतात. त्यांनी मागील वर्षी तिथल्या कायद्यानुसार एक जुने, बेल्जियन बनावटीचे ९ मिलिमीटरचे ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल विकत घेतले. त्यासोबत मूळची १३ राउंडची (गोळ्यांची) दोन मॅगझिने, म्हणजे गोळ्या भरायच्या पेट्या, मिळाली आणि १५ राउंडची तीन नवी मॅगझिने त्यांनी नंतर वेगळी घेतली. मी महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये पॉइंट टू टू रायफल चालवली होती. त्यापलीकडे मला अनुभव नाही, परंतु यंदाच्या हिवाळ्यात दोन महिने तिकडे असताना त्यांच्याबरोबर चार-पाच वेळा रेंजवर गेलो आणि ज्या अडचणी पाहिल्या त्या इथे मांडतो आहे.

नव्या मॅगझिनमध्ये १२ राउंड सहज जातात, १३वा आणि १४वा अंगठा दुखवून जातो, आणि १५वा बसवताना चिरंजीवांना मॅगझिन टेबलावर टेकवावे लागते. पूर्ण भरलेले मॅगझिन, स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पुढे असताना, पिस्तुलात नीट अडकत नाही. बसले असे वाटते आणि नंतर खाली घसरते. तीनपैकी एका मॅगझिनमध्ये गोळीचे टोक खाली जाऊन अडकण्याचा प्रकार एकाच दिवसात अनेकदा घडला. बटण दाबल्यावर कोणतेही मॅगझिन आपोआप खाली पडत नाही, ते हातानेच ओढून काढावे लागते.

तिथल्या जाणकारांपैकी एकाने सांगितले की नवी मॅगझिने पूर्ण भरून दोन आठवडे ठेवावीत म्हणजे ती रुळतात. दुसऱ्याने बजावले की भरून ठेवल्यास स्प्रिंग कायमची मरते. यातले खरे काय मानावे? शिवाय एक छोटी इच्छा: जुन्या दोनपैकी एक रिकामे मॅगझिन आठवण म्हणून नागपूरला आणून शोकेसमध्ये ठेवावे, असा माझा विचार आहे. त्यात काही हरकत असावी का?

सिव्हिल लाइन्सचा वकील

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे प्रश्न सावकाश सुटले तरी चालतील. मॅगझिन अजिबात आणू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात, त्यामुळे रिकामे आणि निरुपद्रवी दिसणारे मॅगझिन विमानतळावर सामानात सापडले तर 'शोकेससाठी आणले' हा खुलासा तुम्हाला चौकशीपासून वाचवणार नाही. त्यातही ९ मिलिमीटर हा आपल्याकडे सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) आहे. याच कारणाने इथे परवान्यावर पिस्तूल बाळगणारे बहुतेक लोक पॉइंट थ्री टू वापरताना दिसतात. परतीच्या प्रवासात बॅगेच्या कोपऱ्यात रेंजवरचे एखादे रिकामे काडतूससुद्धा राहिलेले नाही ना, हेही पाहून घ्यावे. आठवणीसाठी छायाचित्र पुरे आहे.

निवृत्त आर्मरर, कामठी

आपला प्रश्न वाचून फार दिवसांनी कोतची (पलटणीच्या शस्त्रागाराची) आठवण झाली. आपल्या सैन्यातले 'पिस्टल ऑटो ९ एमएम १ए', जे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होते, ते याच हाय-पॉवरचे भारतीय रूप आहे, आणि मी नोकरीची बरीच वर्षे त्याची मॅगझिने उघडण्यात आणि पुसण्यात घालवली आहेत. मात्र माझा हात १३ राउंडच्या मॅगझिनवर बसलेला आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

आधी रचना समजून घेऊ. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये वारले आणि हे पिस्तूल बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह यांनी पूर्णत्वाला नेले. १९३५ मध्ये ते सेवेत आले. राउंड दोन रांगांमध्ये ठेवून वरच्या तोंडाशी मात्र एकेकच बाहेर काढणारे मॅगझिन ही सेव्ह यांची खरी करामत, आणि त्यामुळेच 'कोल्ट १९११' या पिस्तुलात ७ आणि लुगर पिस्तुलात ८ राउंड मावत असताना इथे १३ मावले. पण दोन रांगांची एक रांग होते त्या गळ्यापाशी घर्षण असतेच, आणि एकेरी तोंडाच्या सगळ्याच मॅगझिनांची ही नाजूक जागा असते. स्टेनगनचे ३२ राउंडचे मॅगझिन याच कारणाने पुष्कळ जण दोन-चार राउंड कमी भरत असत. याउलट आपल्या कार्बाइन १ए१ च्या, म्हणजे स्टर्लिंगच्या, मॅगझिनमध्ये राउंड डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने निघतात आणि प्लॅटफॉर्मला (राउंडना खालून वर ढकलणाऱ्या, स्प्रिंगवरच्या पट्टीला) रोलर असतात, म्हणून ते ३४ राउंड भरूनही कुरकुरत नाही.

आता १५ राउंडचा प्रश्न. बाहेरची लांबी जवळपास तेवढीच ठेवून आत आणखी दोन राउंड बसवायचे म्हणजे स्प्रिंग आणि प्लॅटफॉर्म यांना मिळणारी जागा कमी करावी लागते. पूर्ण भरल्यावर ती स्प्रिंग जवळजवळ तिच्या शेवटच्या मर्यादेपर्यंत दाबली जाते, आणि शेवटचे दोन राउंड अंगठ्याला जड जातात त्याचे कारण एवढेच आहे. नवी स्प्रिंग सुरुवातीच्या थोड्या दिवसांत किंचित बसते, म्हणजे तिची मोकळी लांबी थोडी कमी होते आणि पुढे ती तिथेच स्थिर राहते. त्यामुळे भरून ठेवण्याचा सल्ला चुकीचा नाही, फक्त दोन आठवड्यांत जादू होईल अशी अपेक्षा ठेवू नये. भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते हे मात्र मला पटत नाही. चांगल्या पोलादाची स्प्रिंग मर्यादेच्या आत दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही. ती थकते वारंवार दाबण्या-सोडण्याने, गंजाने आणि मर्यादेबाहेर दाबल्याने. १५ चे मॅगझिन मर्यादेच्या अगदी जवळ चालते, म्हणून दीर्घकाळ भरून ठेवायचे असेल तर १३ किंवा १४ वर थांबावे. मी तर रेंजवरही तेच करीन.

मॅगझिन अडकत नाही हेही याच्याशीच जोडलेले आहे. स्लाइड पुढे असते तेव्हा वरचा राउंड स्लाइडच्या तळाला टेकतो आणि मॅगझिन कॅचमध्ये (त्याला धरून ठेवणाऱ्या अडकणीत) बसण्यासाठी तो राउंड आणखी थोडा खाली दबावा लागतो, पण पूर्ण भरलेल्या मॅगझिनमध्ये खाली दबायला जागाच उरलेली नसते. स्लाइड मागे अडकवून मॅगझिन घालावे, बसल्याचा आवाज ऐकावा आणि मग खाली ओढून खात्री करावी. ओढून पाहण्याची ही सवय मी कित्येक जवानांना लावली, आणि ती ज्यांनी मोडली त्यांचे मॅगझिन फायरिंग पॉइंटवर पायाशी पडलेले मी पाहिले आहे.

मॅगझिन खाली पडत नाही हा दोष नव्हे. या पिस्तुलात मॅगझिन काढले की ट्रिगर काम करू नये अशी व्यवस्था आहे, आणि तिचा छोटा खटका मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर दाबून असतो. तोच मॅगझिनला धरून ठेवतो. जुन्या मॅगझिनच्या पुढच्या बाजूला जो चकाकता पट्टा दिसतो तो त्याच्याच घासण्याचा. ती भिंत गुळगुळीत असेल तर ट्रिगरही थोडा मऊ लागतो. काही जण ही व्यवस्थाच काढून टाकतात; तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिले अडकणारे एक मॅगझिन. टोक खाली जाऊन अडकते तेव्हा संशय स्प्रिंगवर घ्यावा. टोक वर उडते किंवा राउंड वेळेआधी सुटतो तेव्हा लिप्स (मॅगझिनच्या तोंडाच्या वळलेल्या कडा) फाकल्या आहेत का, ते पाहावे. पण त्याआधी दोन गोष्टी कळवा. कोणत्या प्रकारची गोळी वापरली, कारण जुन्या हाय-पॉवरच्या बॅरलचा चढ (ज्यावरून गोळी नळीत शिरते तो उतार) पोकळ टोकाच्या गोळ्यांना मानवत नाही आणि मग दोष उगाच मॅगझिनवर येतो. आणि ते मॅगझिन चिरंजीवांनी कधी उघडले होते का?

पॉइंट टू टू वाला

आर्मरर साहेबांनी मूळ मुद्दा सांगितलाच आहे. मी स्पर्धेसाठी पॉइंट टू टू पिस्तूल चालवतो, मॅगझिन फक्त ५ राउंडचे, तरी एक सवय इथेही उपयोगी पडेल. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला रंगाने क्रमांक घालावा आणि कोणत्या क्रमांकात, कितव्या राउंडला, काय झाले हे लिहून ठेवावे. 'मॅगझिन अडकते' ही तक्रार मोघम आहे. 'तिसरे मॅगझिन, शेवटून चौथा राउंड, टोक खाली' एवढे लिहिले की अर्धे निदान होते.

तेलाबद्दलही सांगतो. मॅगझिनच्या आत तेल घालू नये. ते धूळ धरते, आणि मेमध्ये आमच्याकडे रेंजवर काय धूळ असते ते नागपूरकरांना सांगायला नको. शिवाय तेल राउंडच्या प्राइमरपर्यंत (तळाच्या, ठिणगी देणाऱ्या टोपीपर्यंत) पोहोचू शकते. नव्या मॅगझिनवरचे कारखान्याचे संरक्षक तेल मात्र एकदा कोरड्या कापडाने नक्की पुसावे.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी चिरंजीवांशी व्हिडिओ कॉलवर सविस्तर बोललो. गोळ्या साध्या, गोल टोकाच्याच होत्या. साहेबांचा दुसरा प्रश्न मात्र नेमका लागला: आणल्याबरोबर तीनपैकी एकच मॅगझिन त्यांनी तेल पुसण्यासाठी उघडले होते आणि क्रमांक घातल्यावर अडकणारे तेच निघाले. दुसरे उघडून शेजारी ठेवले तेव्हा स्प्रिंग उलटी बसवल्याचे दिसले. तिचे वरचे टोक पुढच्या बाजूने उंच असायला हवे होते, ते मागच्या बाजूने उंच होते, त्यामुळे प्लॅटफॉर्म पुढे झुकत होता. सुलटी केल्यावर शनिवारी त्या मॅगझिनमधून सहा वेळा १४ राउंड चालवले आणि एकदाही अडकले नाही. चिरंजीव आता १७ राउंडची मॅगझिने घ्यावीत असे म्हणत आहेत. शोकेसचा विचार अर्थातच सोडला.

निवृत्त आर्मरर, कामठी

उलटी स्प्रिंग ही नव्या रंगरूटाची नेहमीची चूक आहे, चिरंजीवांनी वाईट वाटून घेऊ नये. यापुढे उघडण्याआधी मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवावे. १७ राउंडबद्दल सावध राहा. एफएन कंपनीने २०२२ मध्ये हाय-पॉवर नावाने जे नवे पिस्तूल आणले त्याचे मॅगझिन १७ चे आहे, परंतु ते जुन्या पिस्तुलात चालत नाही. नाव सारखे असल्याने दुकानात गल्लत होऊ शकते. जुन्यासाठी तळाशी बाहेर डोकावणारी लांब मॅगझिने मिळतात, पण त्या पिस्तुलाचा हातातला तोल १३ वर जसा आहे तसा नंतर राहत नाही. ज्यांची स्प्रिंग आता सुलटी आहे त्या तिन्हींमधून आणखी दोनशे-तीनशे राउंड जाऊ द्या आणि मग खरेदीचे ठरवा.

धरमपेठकर

सांगतो त्यांना. मूळची १३ ची दोन मॅगझिनेही एकदा उघडून पुसायला सांगितली आहेत, या वेळी छायाचित्र काढून.