सल्ला हवा: नकाशावाला दोन रुपया (१९९२ ते २००४), बजेट २०००

काठावरपास: भारताचा नकाशा असलेला अकरा कोनांचा दोन रुपया, प्रत्येक वर्षाचा, प्रत्येक टांकसाळीचा, असा संच करायचाय. बजेट दोन हजार, वर दमडी नाही. काही वर्षं मिळता मिळत नाहीत. ढिगानं पाडली होती ना? गेली कुठे? आणि घेऊ कुठून?

खडखडाट: आधी खुणा ओळखायला शिका. सालाखाली हिरा म्हणजे मुंबई, चांदणी हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. चांदणी झिजली की टोकं जातात आणि ती ठिपका म्हणून गळ्यात मारतात. चांगलं भिंग घ्या. माझं अडीच हजारांचं आहे, जर्मन.

काठावरपास: बजेट भिंगातच संपलं की.

माउली९९: त्यापेक्षा १९९९ चा शिवाजी महाराजांचा दोन रुपया घ्या. ज्ञानेश्वरांचा एक रुपयाही त्याच सालचा. माझा अख्खा आल्बम भरलाय, फक्त सहा हजारांत.

भंगारभाऊ: गेली कुठे? भट्टीत! क्युप्रोनिकेलचं, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रणाचं, सहा ग्रॅमचं नाणं होतं ते. पाचाचं जुनं जाड नाणं तर नऊ ग्रॅमचं. ती बांगलादेशात नेऊन ब्लेडं करायचे, पेपरात आलं होतं. धातू दर्शनी किमतीच्या वर गेला की नाणं बाजारातून उठतंच. म्हणून तर स्टील आलं.

वकीलसाहेब: वितळवणं गुन्हा आहे. नाणे कायदा २०११, सात वर्षांपर्यंत कैद.

भंगारभाऊ: मी कुठे वितळवतोय साहेब?

संगीता_ताई: माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं आहे. दहा लाख मिळतात म्हणे. कुणाला हवंय?

खडखडाट: ताई, नाही मिळत. ते आधी 'फी' मागतात आणि गायब होतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये इशारा दिलाय.

संगीता_ताई: बरं. पण दहाचं नाणं आमचा रिक्षावाला घेत नाही त्याचं काय?

वकीलसाहेब: घ्यावंच लागेल. सगळी डिझाइनं चलनात वैध आहेत.

संगीता_ताई: हे त्याला सांगा ना.

जुनाबाजारी: मूळ प्रश्नावर या. किती पाडली यावरून दुर्मिळता ठरत नाही, किती आणि कशी उरली यावरून ठरते. स्मारक नाणी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नाण्यासारखी कुणाच्या स्मरणार्थ काढलेली, लोक कौतुकानं डब्यात टाकतात, म्हणून ती कोरी मिळतात. रोजचा दोन रुपया कोण जपणार? झिजलेला पैशाला पासरी; टांकसाळीच्या थैलीतून आत्ता काढल्यासारखा शोधायला गेलात की घाम फुटेल. शिवाय तेरा वर्षं गुणिले चार टांकसाळी असा हिशेब करू नका. प्रत्येकीनं दर वर्षी पाडलंच असं नसतं, आणि नव्वदीच्या शेवटी शेवटी आपली नाणी परदेशातूनही पाडून आणली होती. पाच-सहाच घ्या, पण कोरी घ्या.

माउली९९: तेच म्हणतोय, कोरी घ्या.

चिल्लरपार्टी: कोरी घेताना सांभाळून. मला एका दुकानदारानं भांड्यांच्या पावडरीनं घासलेलं नाणं कोरं म्हणून दिलं, वर 'गॅरंटी' म्हणाला! नाणं तिरप्या उजेडात हळूहळू फिरवा. खऱ्या कोऱ्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. घासलेल्यावर नुसत्या बारीक रेघा, आणि चकाकी सगळीकडे सारखी, मेलेली. आणि तुम्हीही घरी घासू नका, काळं पडलं तरी.

खडखडाट: म्हणून म्हटलं, भिंग घ्या.

काठावरपास: झालं, घेतली. रविवारी जुन्या बाजारात एकाकडे पिशवी होती, नगाला दहा, निवडायचं नाही या अटीवर. दोनशे घेतली.

जुनाबाजारी: अहो! न बघता? झिजलेली असणार सगळी.

काठावरपास: झिजलेलीच आहेत. एकाचं तर सालच वाचता येत नाही. आता महिनाभर सुपात घेऊन निवडत बसतो.

संगीता_ताई: त्या माणसानं दहाची नाणी घेतली असती का हो?