प्रात्यक्षिकाचे गुण हाताला द्यायचे की वहीला?

जीवशास्त्राची शिक्षिका
परीक्षेत मुलांनी कांद्याच्या पेशींची सुबक आकृती काढली, नावंही बिनचूक दिली. मग मी एकेकाला कांद्याची पाकळी देऊन म्हटलं, काचपट्टी बनवून दाखव. बहुतेकांचा पापुद्रा जाड निघाला, पेशींवर पेशी चढलेल्या. कव्हरस्लिप, म्हणजे वर झाकायची पातळ काच, सुईवर तिरकी टेकवून हळूच सोडायची असते. ती वरून टाकल्याने हवेचे बुडबुडे अडकले आणि त्या काळ्या कडांच्या गोलांनाच दोघांनी पेशी ठरवलं. वहीवर गुण देणं बंद करा, असं माझं ठाम मत आहे.

एक पालक
मला पटत नाही. काचपट्टी बनवणं पुढे किती जणांना लागणार? एका सूक्ष्मदर्शकाभोवती दहा मुलं असतात, तेवढ्या वेळात पडद्यावर पन्नास पेशी दाखवता येतात. मुलांना प्रयोग आखता यावा. बटाट्याच्या कांड्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या, तर वजनातला फरक टक्केवारीत का मांडायचा? हे कागदावरही तपासता येतं.

जीवशास्त्राची शिक्षिका
सुरुवातीची वजनं सारखी नसतात, म्हणून टक्केवारी. हे सगळे पाठ म्हणतात. पण एकाच द्रावणातल्या कांड्यांची उत्तरं दोन गटांत वेगळी आली, तेव्हा कारण कुणालाच सुचेना. एका गटाने कांड्यांवरचं पाणी वजनाआधी कागदाने टिपलं होतं, दुसऱ्याने ओल्याच तराजूवर ठेवल्या होत्या. ही चूक आकडे तयार मिळाले तर कधीच दिसत नाही. आखणी हातातूनच शिकली जाते.

प्रयोगशाळा सहायक
बाईंशी सहमत. पानातल्या स्टार्चच्या चाचणीत हरितद्रव्य काढायला अल्कोहोल थेट ज्योतीवर तापवायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात नळी ठेवायची, हे प्रत्येक मूल लिहितं. तरीही बर्नर पेटता ठेवून अल्कोहोलची बाटली उघडणारे हात मी दरवर्षी थांबवतो.

एक पालक
सुरक्षिततेचं मान्य, टिपण्याचंही. पण परीक्षेच्या दिवशी माझ्या मुलीचे हात थरथरतात. दहा मिनिटांतल्या एका पापुद्र्यावर तिचे गुण ठरणार असतील तर ते वहीपेक्षा न्याय्य कसं?

जीवशास्त्राची शिक्षिका
नाहीच. हा माझ्या मांडणीतला दोष आहे. गुण वर्षभराच्या तासांत द्यावेत, पापुद्रा बिघडला तर दुसरा काढू द्यावा. मात्र तो तिनेच काढायचा, शेजारच्या हुशार मुलाने नाही.