मदत हवी आहे : ताडोबा बफरमधल्या गावाचा ठराव कसा लिहावा?

नमस्कार मंडळी. आमचं गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, मोहर्लीच्या बाजूला. व्याघ्र प्रकल्पाच्या व्यवस्थापनाबद्दल ग्रामसभेने लेखी म्हणणं द्यायचं ठरवलंय. लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

गावात एकमत नाही. जिप्सीवाले आणि गाईड पोरं म्हणतात, पर्यटन वाढू द्या. रानडुकरांनी ज्याचं धान लोळवलं तो आधी कुंपण मागतो. मोह वेचणाऱ्या बायांना तर कुणी विचारतच नाही. गेल्या चैत्रात पहाटे आईसोबत गेलो, तर आमच्याच मोहाखाली, फुलांच्या मधल्या धुळीत वाघाचा ताजा पंजा. आई रिकामी टोपली घेऊन परतली. वाघ नको असं ती आजही म्हणत नाही. मोहाच्या दिवसांत पहाटे सोबत गस्त असावी, एवढंच तिचं मागणं.

वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-व्ही प्रमाणे बफरच्या हद्दी ग्रामसभेशी सल्लामसलत करून ठरवायच्या असतात, आणि २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. ठरावात हा आधार नेमका कुठे, कसा घ्यावा? वेगवेगळ्या मागण्या एकत्र लिहाव्यात की प्रत्येक गटाची वेगळी? मेळघाट, पेंच भागात कुणी असा ठराव केला असेल तर मसुदा दाखवाल का? बायांचं म्हणणं त्यात कसं आणलंत, तेही सांगा.