बी.एड.चे गटपाठ: शिकवणं की सजावट?

टाचणवही
बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, परळ भागातली एक अनुदानित मराठी शाळा. सहकारी अध्ययन, म्हणजे मुलांनी गटात एकमेकांकडून शिकणं, आम्हाला कॉलेजात शिकवलं ते व्याख्यानाने, ही गंमत सोडून देऊ. माझी तक्रार वेगळी आहे: त्यातलं अर्धंच शिकवतात. बाक जोडा, पाच-पाचचे गट करा, तक्ते द्या, निरीक्षक दारात आले की वर्ग घुमला पाहिजे.

या विषयात आयुष्य घालवलेले अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन्सन बंधू पाच अटी सांगतात. त्यातल्या दोन नसतील तर तो गट नव्हे, नुसती जवळजवळ बसलेली मुलं. एक, एकाचं काम दुसऱ्यावाचून अडलं पाहिजे. दोन, शेवटी ज्याचं त्याने उत्तर दिलं पाहिजे. आमच्या पाठ-निरीक्षणाच्या तक्त्यात या दोन्हींना रकाना नाही. ‘विद्यार्थी सहभाग’ असा एक आहे, तो वर्गाच्या आवाजावरून भरतात. माझं म्हणणं, सराव पाठाचे गुण शेवटच्या बाकावरच्या मुलाने तास संपताना काय लिहिलं त्यावर द्यावेत. पटतंय का?

खडूफळा
निवृत्तीला आलोय, त्यामुळे स्पष्ट बोलतो. नाही पटत. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय, माझ्या वर्गात 62 आहेत. तास 35 मिनिटांचा. बाक सरकवायला पाच, गट शांत करायला पाच, परत जागेवर बसवायला पाच. राहिलं काय? खाली दुसऱ्या पाळीची मुलं आत यायला उभी असतात, ते वेगळंच.

आणि हे फक्त माझं रडगाणं नाही. 2006 साली कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी निबंध लिहिला होता. नवशिक्याच्या डोक्यात एका वेळी मोजकंच मावतं, म्हणून त्याला ‘तूच शोध’ म्हणून सोडू नये, नीट समजावून सांगावं, असं त्यांचं म्हणणं. नीट फळा लिहिणारा, मुलांकडे बघून शिकवणारा मास्तर आता जुनाट ठरलाय, याचं वाईट वाटतं.

टाचणवही
सर, तो निबंध मार्गदर्शनाशिवाय शिकण्यावर आहे. जिगसॉ ही गटाची पद्धत घ्या: धड्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका ‘तज्ज्ञ गटाने’ शिकायचा आणि मग इतरांना शिकवायचा. त्यात मजकूर शिक्षकच देतात, वेळही तेच ठरवतात. मोकाट कुणालाच सोडत नाहीत.

खडूफळा
बरं, मग जिगसॉचंच बघू. सहावीला खडकांचे प्रकार. बी.एड. करणाऱ्या एका छात्राध्यापिकेचा पाठ मी मागे बसून पाहिला. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित असे तीन तज्ज्ञ गट. वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपापल्या मूळ गटात जाऊन इतरांना शिकवायचं. रूपांतरितवाल्या एका मुलाने ठणकावून सांगितलं, बेसाल्टचा संगमरवर होतो. गटातल्या सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. बाई तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात. संगमरवर चुनखडीपासून होतो हे मी फळ्यावर एका वाक्यात सांगितलं असतं. चूक माझ्याकडून झाली तर एक चूक, इथे बारा तोंडांनी बारा.

भांडुपची_बाई
सर, हे मात्र खरं आहे, आणि यावर कॉलेजात कुणी अवाक्षर काढत नाही. मी पालिका शाळेत शिकवते. मी काय करते सांगू? तज्ज्ञ गट मोडण्याआधी प्रत्येक गटाकडून तीन वाक्यं फळ्यावर लिहून घेते. चुकलं असेल ते तिथेच सापडतं. मगच मुलं मूळ गटात जातात. शेवटी पाच प्रश्न, ज्याचे त्याने सोडवायचे, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. वेळ जातो, म्हणून मी हे दोन तास जोडून घेते आणि सत्रातून मोजक्याच धड्यांना. अग्निजन्यवाल्यांना अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचा फोटो दिला की त्यांना काही शिकवावं लागत नाही, बेसाल्टचे ते उभे खांब बघूनच प्रश्न सुरू होतात.

आणखी एक. जिगसॉ मुळात गुण वाढवायला निघालाच नव्हता. 1971 मध्ये टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि रोज खटके उडू लागले. तेव्हा एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे असे वाटले की समोरच्याचं ऐकल्याशिवाय आपला धडा पुराच होणार नाही. माझ्या मराठी वर्गात घरी भोजपुरी बोलणारी, तेलुगू बोलणारी मुलं आहेत. एरवी त्यांच्याकडे ढुंकून न बघणारी पोरं त्या दिवशी ‘सांग ना, सांग ना’ करत मागे लागतात. संगमरवराची चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते हो, हे फळ्यावर शिकवता येत नाही.

आईसाहेब_ठाणे
मी शिक्षक नाही, पण मला बोलायचंच आहे. गटकार्य म्हटलं की आमच्या घरी रात्री अकराला कार्डबोर्ड कापणं चालू असतं. सगळं माझी लेक करते, बाकीचे तिघे नाव लिहितात आणि गुण चौघांना सारखे. याला सहकार म्हणायचं असेल तर आमच्या हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभाही सहकारच.

टाचणवही
ताई, हसले, पण तुमचा मुद्दा शंभर टक्के रास्त. एकच गुण सगळ्यांना, ही पद्धतच चुकीची. रॉबर्ट स्लाविन या अमेरिकन संशोधकाच्या रीतीत चाचणी प्रत्येकाची वेगळी असते. मूल स्वतःच्या आधीच्या गुणांपेक्षा किती पुढे गेलं त्यावर गटाला गुण मिळतात. 30 वरून 45 वर आलेला मुलगा गटाला जास्त देऊन जातो, कायम 90 वर असणारी मुलगी नव्हे. मग हुशार मुलांना त्याला शिकवण्यातच फायदा दिसतो. काम आयतं करून देण्यात नाही.

खडूफळा
आणि हा हिशेब कोण ठेवणार? 62 मुलांची आधीची सरासरी, नंतरची वाढ, गटवार बेरीज? आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात निवडणुकीचं काम. बी.एड.वाल्यांना एका पाठाला आठवडाभर तयारी करता येते, आम्हाला दिवसाला सहा तास असतात.

भांडुपची_बाई
म्हणूनच मी छात्राध्यापकांना म्हणते, जिगसॉने सुरुवात करू नका. फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं थिंक-पेअर-शेअर घ्या. प्रश्न विचारा, मुलांना गप्प विचार करू द्या, मग शेजाऱ्याशी बोलू द्या, मग कुणालाही उठवा. बाक हलत नाही, तक्ता लागत नाही. फक्त गप्प राहायला जमलं पाहिजे, आणि तेच नव्या शिक्षकाला जमत नाही. मेरी बड रो या बाईंनी वर्गातल्या ध्वनिफिती तपासल्या, तर प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नव्हते. तीन सेकंद थांबले तर मुलं लांब, विचार करून उत्तरं देत होती. सर, तीन सेकंदांना नोंदवही लागत नाही.

खडूफळा
हे मी करतो. नाव माहीत नव्हतं, पण करतो. मात्र याला गटपाठ म्हणून दाखवलं तर तुमच्या निरीक्षकांना चालेल का? टाचणवही, तुमच्या पुढच्या पाठाला तक्ते न करता नुसतं एवढंच घेऊन बघा, आणि रकान्यात किती गुण पडतात ते इथे सांगा.

टाचणवही
गुरुवारी आठवीचा विज्ञानाचा पाठ आहे. मार्गदर्शक बाईंनी आजच विचारलं, ‘शैक्षणिक साहित्य काय आणणार?’ मी म्हटलं, प्रश्न. त्या म्हणाल्या, दोन तक्ते तरी आण.