मोतीबिंदूनंतर स्टेरॉइड थेंब चालू, तरी डोळा खुपतो

प्रश्न: शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडचे थेंब) दिवसातून दोनदा चालू आहे. वाळू गेल्यासारखं खुपतं. थेंब बंद करावेत का?

उत्तर १: मनाने बंद करू नका, आतली सूज परत येऊ शकते. सहसा दिवसातून ४ वेळा, मग ३, २, १ असे दर आठवड्याला कमी करतात. बाटली आधी नीट हलवा. औषध तळाशी बसतं. (हलवायचं हमखास राहून जातं.)

उत्तर २: खुपणं बहुधा कोरडेपणाचं. छेद देताना कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) नसा कापल्या जातात, शिवाय थेंबांतलं बेन्झाल्कोनियम (औषध टिकवणारं प्रिझर्व्हेटिव्ह) अश्रूंचा थर बिघडवतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू दिवसातून ४-६ वेळा, स्टेरॉइडनंतर १० मिनिटांनी.

उत्तर ३: डोळ्याचा दाबही तपासून घ्या, स्टेरॉइडने वाढू शकतो. दुखणं, लाली वाढली किंवा नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.