उन्हाळी गणित शिबिर: रॉस, प्रॉमिस की मॅथकॅम्प?

न्यूजर्सीची_आई
लेक दहावीत, वय १५. शाळेचं गणित पटकन उरकते आणि वहीत मूळ संख्यांचे तक्ते मांडत बसते. स्पर्धांत मात्र रमत नाही, घड्याळ लावलं की गडबडते. उन्हाळ्यात निवासी शिबिराला पाठवायचं मनात आहे. स्पर्धेतले मार्क नसतील तर घेतात का? प्रवेशाचे प्रश्न उघडून बसली, दोन दिवसांत एकही सुटला नाही, आणि रडायलाच लागली. मी इंजिनिअर आहे, थोडी मदत करू का? खर्चाचंही बघावं लागेल.

रॉसवाला_बाबा
ताई, मदत अजिबात करू नका, हे आधी सांगतो. मॅथकॅम्पच्या प्रश्नांसाठी पुस्तकातून व्याख्या, संकल्पना बघायला मुभा आहे, पण प्रश्नावर कुणाची मदत घ्यायची नाही. आणि दोन दिवस म्हणजे काहीच नाही हो! माझा मुलगा एका प्रश्नावर तीन आठवडे होता. आधी लहान लहान आकडे घेऊन बघितले, मग तक्ता, मग अंदाज. सिद्धता अर्धीच झाली. "इथपर्यंत आलो, पुढे अडलो" असं स्वच्छ लिहून पाठवलं, आणि त्याला प्रवेश मिळाला. तिन्हीकडे या उत्तरांना फार वजन असतं, स्पर्धेची अट नाही.

रॉस १९५७ पासून चालू आहे. सहा आठवडे संख्या-सिद्धांत (नंबर थिअरी), रोज प्रश्नांचा नवा संच. ते सुरू करणारे गणितज्ञ अर्नोल्ड रॉस यांचं सांगणं होतं, साध्या गोष्टींचा खोलवर विचार करा. पोरं पूर्णांकांच्या अगदी साध्या गुणधर्मांपासून सुरू करून गाउसच्या वर्ग-व्युत्क्रमतेच्या सिद्धांतापर्यंत (वर्गसंख्यांना मूळ संख्यांनी भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांबद्दलचा प्रसिद्ध नियम) पोचतात. तक्ते मांडणाऱ्या मुलीला हे फार आवडेल, मला खात्री वाटते.

बॉस्टनकर
प्रॉमिस बॉस्टन विद्यापीठात १९८९ पासून आहे, घडण रॉससारखीच. मॅथकॅम्प पाच आठवड्यांचं आणि वेगळं: कुठल्या वर्गाला बसायचं ते मुलंच ठरवतात. एकाच विषयात बुडायला आवडतं की दहा दारं उघडून बघायला, हे तिलाच विचारा. खर्चाला घाबरून अर्ज सोडू नका, तिन्हीकडे उत्पन्न बघून मदत देतात. शिफारसपत्र मात्र आत्ताच मागा. आम्ही शेवटच्या आठवड्यात मागितलं आणि शिक्षकांची फार धावपळ झाली, मला अजून वाईट वाटतं.

पुणेकर_मावशी
माझी भाची इकडेच शिकते, तिच्यासाठी वाचतेय. इथल्या मुलांना काही आहे का?

बॉस्टनकर
मावशी, प्रॉमिसचंच भारतातलं शिबिर, प्रॉमिस इंडिया, बेंगळुरूला आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) भरतं. आणि पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहेच, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापलेलं. गणित ऑलिंपियाड स्पर्धेची तयारी करणारी मुलं तिथे जातात.

न्यूजर्सीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. तिला विचारलं, क्षणात "रॉस" म्हणाली. काल रात्री दुसऱ्या प्रश्नासाठी ४० पर्यंतचा तक्ता केला, २१ वर अंदाज मोडला, तरी हसत होती. मी वही बघितली नाही, तिनेच सांगितलं. पत्रासाठी तिच्या गणिताच्या बाईंना सोमवारी विचारणार आहोत.