रिमोटचे सॉकेट काही महिन्यांतच मरतायत, मदत हवी आहे

मंडळी, ऐरोलीला भाड्याच्या घरात राहतोय. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला पलंगावरूनच टेबल फॅन आणि लॅम्प चालू करता यावा यासाठी ४३३ मेगाहर्ट्झचे रिमोटवाले प्लग सॉकेट घेतलेत, पण काही महिने नीट चालतात आणि मग बटण दाबलं की लाल दिवा मंद लागतो, आतला रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) टक करण्याऐवजी नुसता कुरकुरतो आणि फॅन काही लागत नाही.

रिमोटची बॅटरी बदलली, पेअरिंग परत केलं, अगदी जवळ धरून दाबलं, दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटला लावलं, सगळीकडे तेच. वायरमनने व्होल्टेज बघितला, २३० च्या आसपास आहे. सॉकेट १० अँपिअरचा आणि लोड फक्त फॅन-लॅम्पचा, म्हणजे ओव्हरलोड नाही.

मग एक खोलला. त्यातला पिवळा चौकोनी कपॅसिटर (मेन्सच्या म्हणजे घरच्या लाइनवरून रिलेच्या सर्किटला मोजकाच करंट देणारा) ०.६८ मायक्रोफॅरडचा, एक पाय सोडवून मोजला तर ०.३ पण भरेना. (आतलं सर्किट थेट मेन्सवर असतं हे माहितेय, प्लग काढून आणि कपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात लावतो.)

वायफायवाले नकोत, आईकडे साधा बटणांचा फोन आहे. भिंत फोडून वायरिंग बदलायला घरमालक देणार नाही.

तर त्याच व्हॅल्यूचा २७५ व्होल्टचा एक्स२ (थेट मेन्सवर लावायच्या प्रकारचा) कपॅसिटर टाकला तर टिकेल का, की लाइट जाऊन येताना बसणाऱ्या झटक्याने तोही असाच उतरेल आणि आधी स्पाइक गार्ड लावायला हवा?